किती झाली, ते विचारा

सोलापुरात नुसतं ‘सिव्हिल’ म्हटलं की श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, हे रिक्षावाल्याला वेगळं सांगावं लागत नाही. १९६३ साली सुरू झालेल्या आणि आज डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कॉलेजला ते जोडलेलं आहे. अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढा इथून बाया येतात, तशा तुळजापूरकडून येतात आणि सीमेपलीकडच्या इंडी-अफझलपूरकडूनही येतात. अशा शहरातल्या बाळंतिणींच्या वॉर्डात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी एकाच वेळी कानावर पडते. भाषा कुठलीही असो, सिझर झालेल्या बाईला लघवीची नळी काढल्यावर विचारला जाणारा प्रश्न सगळीकडे तोच असतो, सोलापुरात आणि राज्यातल्या कुठल्याही प्रसूतिगृहात: “लघवी झाली का गं?” ती म्हणते, “झाली की, सिस्टर.” चार्टवर खूण होते आणि सिस्टर पुढच्या खाटेकडे वळते.

बाई खोटं बोललेली नसते. लघवी झालेली असतेच, पण कधी कधी ती दोन-चार चमचे असते आणि आत पाऊण लिटर तशीच उरलेली असते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या २५.४ टक्के बाळंतपणांत सिझर झालं होतं. देशाचं प्रमाण २१.५ टक्के होतं. दर चौथी बाळंतीण टाके घेऊन घरी जात असेल, तर त्या टाक्यांच्या मागे जे जे घडतं ते आता अपवादाचं राहिलेलं नाही. रक्तस्राव, रक्तदाब, बाळाचं वजन यांवर बोललं जातं आणि ते योग्यच आहे. लघवी अडणं मात्र ‘होईल हळूहळू’ या खात्यात जमा होतं. बहुतेक वेळा तसं होतंही, आणि म्हणूनच ज्या थोड्या जणींचं होत नाही त्या नजरेतून सुटतात.

मूत्राशय आणि गर्भाशय हे अगदी चिकटून राहणारे शेजारी आहेत. मूत्राशय पुढे, गर्भाशय त्याच्या मागे आणि वर. जुन्या काळी सिझरचा छेद गर्भाशयाच्या वरच्या, जाड भागावर उभा घेत. तिथून रक्त फार जाई आणि पुढच्या गरोदरपणात तो व्रण फाटण्याची भीती असे. ग्लासगोच्या मन्रो कर यांनी १९२० च्या दशकात खालच्या पातळ भागावर आडवा छेद घेण्याची पद्धत रुजवली आणि आज जगभर तीच चालते. तिने लाखो जीव वाचवले. पण हा खालचा भाग मूत्राशयाच्या थेट मागे येतो. तिथे पोहोचायचं तर साधारणपणे मूत्राशयावरचा पातळ पडदा सोडवून त्याला खाली सरकवावं लागतं. पहिलं सिझर असेल तर हे काम अलगद होतं. दुसरं-तिसरं असेल तर जुन्या जखमेमुळे सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं आणि मूत्राशयाची ओढाताण जास्त होते. त्यामुळे येणारी सूज एक-दोन दिवस राहू शकते. शिवाय बाई आधी बारा-चौदा तास कळा देत असेल, बाळाचं डोकं खाली येऊन अडकलं असेल आणि मग घाईने सिझर ठरलं असेल, तर मूत्राशयाच्या तोंडाशी तासन्‌तास दाब पडलेला असतो. ठरवून केलेलं सिझर आणि अडल्यावर केलेलं सिझर यांत मूत्राशयाच्या दृष्टीने पुष्कळ फरक आहे. केसपेपरवर दोन्हीचं नाव मात्र एकच.

त्यात पाठीतलं इंजेक्शन. बहुतेक सिझर आता कमरेच्या मणक्यात भूल देऊन होतात आणि त्यासाठी साधारणपणे बुपिव्हॅकेन हे औषध वापरतात. मूत्राशय भरल्याची जाणीव आणि ते आवळण्याचा हुकूम, दोन्हींची ये-जा मज्जारज्जूच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीच्या नसांतून, दुसऱ्या ते चौथ्या जोडीतून होते. भूल वरून खाली उतरत जाते, त्यामुळे या सगळ्यात खालच्या नसा सगळ्यात शेवटी जाग्या होतात. बाई पाय हलवू लागली म्हणजे भूल उतरली असं घरचे समजतात. मूत्राशयाचा स्नायू पूर्ववत व्हायला मात्र सात-आठ तास लागू शकतात. भुलेच्या औषधात मॉर्फिन मिसळलं असेल तर आणखी वेळ लागतो. या अवधीत बाईला कळ येत नाही. तिचं मूत्राशय मुकाट फुगत राहतं.

आणि ते फुगतं भराभर. गरोदरपणात शरीरात सहा-सात लिटर जादा पाणी साठलेलं असतं. बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यात शरीर ते बाहेर टाकतं आणि एखाद्या दिवशी तीन लिटरपर्यंत लघवी होऊ शकते. वरून सलाईन चालू असतं. ऑक्सिटोसिन जास्त मात्रेत दिलं तर ते चालू असेपर्यंत पाणी धरून ठेवतं. ते थांबलं की बांध सुटतो. मूत्राशयाची सोय चारशे-पाचशे मिलिलिटरची, म्हणजे दुधाच्या अर्ध्या लिटरच्या पिशवीएवढी. लघवी ताशी १०० मिलिलिटरने तयार होते असं धरलं, तरी सहा तासांत ती पिशवी भरून वर शंभर मिलिलिटर होतात.

मग ठिबकायला लागतं. आतला दाब इतका वाढतो की तोंडाचा स्नायू हार मानतो आणि थेंब-थेंब, घोट-घोट बाहेर पडतं. बाई तासाभरात तीनदा जाऊन येते. सासू म्हणते, “आता छान मोकळी होतीये.” प्रत्यक्षात हे मोकळं होणं नसून भरून वाहणं असतं. वारंवार आणि थोडी-थोडी लघवी होणं हे सिझरनंतरच्या वॉर्डात चांगलं लक्षण समजलं जातं. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

लघवी अडण्याचे दोन प्रकार सांगतात. नळी काढल्यावर सहा तासांत आपणहून लघवीच झाली नाही, तर ते उघड अडणं. लघवी झाली, पण त्यानंतरही आत १५० मिलिलिटर किंवा जास्त उरली, तर ते छुपं अडणं. ही १५० ची रेघ हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९७ साली मांडली आणि पुढे ती रूढ झाली. त्याच शहरातल्या २००८ च्या एका अभ्यासात सिझर झालेल्या सहाशेहून अधिक स्त्रिया तपासल्या गेल्या. सुमारे २४ टक्के जणींत लघवी अडलेली आढळली आणि त्यांतल्या दोन-तृतीयांशाहून जास्त जणींचं अडणं छुपं होतं. इतर ठिकाणचे आकडे कमी-जास्त येतात, कारण व्याख्या आणि मोजण्याची वेळ बदलते. पण विचारून जेवढ्या सापडतात त्याहून मोजून कितीतरी जास्त सापडतात, हे सगळीकडे सारखं आहे. छुप्या गटातल्या बहुतेक जणी दोन-चार दिवसांत आपोआप बऱ्या होतात, हेही खरं.

जी नजरेतून सुटली, तिचं काय होतं? मूत्राशयाचा स्नायू मर्यादेबाहेर ताणला गेला, विशेषतः लिटरभर लघवी काही तास तशीच राहिली, तर त्याचे तंतू आणि त्यातल्या बारीक नसा दुखावतात. मग औषध उतरलं, सूज गेली, तरी स्नायू आवळत नाही. एका रात्रीच्या दुर्लक्षामुळे आठवडे-महिने नळी बाळगावी लागलेल्या स्त्रिया असतात. साचलेल्या लघवीत जंतू वाढतात, हे वेगळंच. तिसरा धोका वॉर्डात ताबडतोब दिसू शकतो. भरलेलं मूत्राशय गर्भाशयाला वर आणि बहुधा उजवीकडे ढकलतं, ते नीट आवळत नाही आणि रक्तस्राव वाढतो. बाळंतपणानंतर गर्भाशयाचा माथा बेंबीच्या आसपास असतो आणि रोज बोटभर खाली यायला हवा. तो वर चढलेला किंवा कुशीला सरकलेला लागला, तर रक्तस्रावाच्या औषधाबरोबरच मूत्राशय तपासायचं, हे अनुभवी सिस्टरला कुणी शिकवावं लागत नाही. सिझरमध्ये पोटावर पट्टी असते, हात लावला की दुखतं, म्हणून ही तपासणी वरवर उरकली जाते.

नळी किती वेळ ठेवायची, यावर मात्र जाणत्यांचंही एकमत नाही. पूर्वी चोवीस तास हा सरळ हिशेब होता आणि पुष्कळ ठिकाणी अजून आहे. शस्त्रक्रियेनंतर माणूस लवकर उठावा यासाठी काम करणाऱ्या ईरास सोसायटीने २०१९ मध्ये सिझरसाठी सांगितलं की, लघवीवर बारीक नजर ठेवण्याचं कारण नसेल तर ऑपरेशन संपताच नळी काढावी. इंग्लंडची नाईस ही संस्था म्हणते, बाई हिंडू-फिरू लागल्यावर काढा, आणि भुलेचा शेवटचा वाढीव डोस दिल्याला बारा तास होण्याआधी नको. मुळात नळी घालावी का, यावर २०१४ साली कॉक्रेनच्या समीक्षेत पाच चाचण्या, हजाराहून थोड्या जास्त स्त्रिया एकत्र तपासल्या गेल्या. नळी घातलेल्यांत नंतर अडण्याचं प्रमाण कमी दिसलं, पण पहिली लघवी उशिरा झाली, तेव्हा दुखलं जास्त आणि उठून चालणंही लांबलं. संसर्गाबाबत ठाम काही सांगता येईल एवढा पुरावाच नव्हता. एरवी नळी राहिलेल्या प्रत्येक दिवसागणिक लघवीत जंतू शिरण्याची शक्यता तीन ते सात टक्क्यांनी वाढते, असं मानतात.

म्हणजे लवकर काढली तर अडण्याची भीती आणि उशिरा काढली तर जंतूंची. मला यातला कुठला तास निवडला हा प्रश्न दुय्यम वाटतो. पाठीतली भूल, क्वचितच रिकामं सापडणारं सोनोग्राफी मशीन आणि एका सिस्टरकडे पंचवीस-तीस खाटा अशा परिस्थितीत ऑपरेशन संपताक्षणी नळी काढण्याचा युरोपीय सल्ला जशाचा तसा उचलावा, असं मी म्हणणार नाही. पण चोवीस तासांचंही पावित्र्य नाही. आठ ते बारा तासांनी, बाई उठून बसल्यावर काढली तर चालण्यासारखं आहे. काढल्यानंतर कुणीतरी मोजणार असेल, तरच.

काही जणींची नळी लवकर काढायचीच नसते. रक्तदाब वाढून झटक्यांचा धोका असलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून पुढचा डोस देण्याआधी लघवी ताशी निदान ३० मिलिलिटर होते आहे का, हे पाहावंच लागतं. मूत्राशयाला जखम झाली असेल, रक्तस्राव खूप झाला असेल, लघवी लालसर येत असेल, तिथेही नळी राहते.

आणि लघवी होत नाही म्हणजे दर वेळी ती अडलीच आहे, असंही नसतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४२-४३ अंशांवर जातो. ऑपरेशनसाठी उपाशी राहिलेली बाई, नंतर ‘पाणी दिलं तर टाक्यांत पू होतो’ म्हणून घरच्यांनी दिलेलं दोन घोट पाणी, आणि वर हा उकाडा. तिचं मूत्राशय रिकामंही असू शकतं. आधी नळीच पिळली किंवा दबली नाही ना, ते बघायचं. मग मूत्राशय भरलं आहे की लघवीच तयार होत नाही, हे ओळखायचं. दोन्हींवरचे उपाय अगदी उलटे आहेत. एकीला नळी हवी, दुसरीला पाणी किंवा सलाईन, आणि क्वचित मूत्रपिंडाची तातडीने तपासणी. टाक्यांत पाण्याने पू होत नाही. ही समजूत इतकी पक्की बसलेली आहे की डॉक्टरने राउंडवर एकदा सांगून ती हलत नाही. सासूला बाजूला घेऊन सांगणारी मावशी जास्त उपयोगी पडते.

ओळखायचं कशाने? सगळ्यात सोपं साधन सोनोग्राफी. मूत्राशयाची लांबी, रुंदी, उंची मोजून गुणायची आणि ०.५२ ने पुन्हा गुणायचं, की आतलं माप साधारण कळतं. परदेशात यासाठी खाटेजवळ न्यायचं छोटं यंत्र सिस्टरच्या हाती असतं. आपल्याकडे ते इतकं सरळ नाही. गर्भलिंगनिदानाला आवर घालणारा कायदा देशात सर्वांत आधी महाराष्ट्राने केला, १९८८ साली. केंद्राचा १९९४ मध्ये आला. त्यानुसार सोनोग्राफीच्या यंत्राची नोंदणी होते आणि ते वाटेल तिथे हलवता येत नाही. त्यामुळे टाके दुखत असलेल्या बाईलाच स्ट्रेचरवर घालून सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत न्यावं लागतं, आणि तेही मशीन रिकामं असेल तेव्हा. मुलींच्या जन्माचा इतिहास पाहता या कायद्याबद्दल कुरकुर करण्यात अर्थ नाही. त्याच्या चौकटीत राहून रोजचं काम वेगळ्या साधनाने करायचं, एवढंच.

ते साधन म्हणजे खुणा असलेला प्लास्टिकचा मग. नळी काढल्यानंतरच्या पहिल्या दोन लघव्या बाईने त्यात करायच्या किंवा बेडपॅनमधून त्यात ओतायच्या आणि आकडा लिहायचा. दोन्ही वेळा दोनशेच्या वर, कळ येऊन आणि जोर न लावता झाली, तर बहुतेक काळजी मिटली. पन्नास-साठ झाली, पुन्हा अर्ध्या तासात पन्नास, असं असेल तर ओटीपोटावर हात ठेवून आणि बोटाने ठोकून बघायचं. जघनास्थीच्या वर भरीव, बद्द आवाज आला की डॉक्टरला हाक मारायची आणि मग सोनोग्राफी किंवा सरळ नळी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१३ च्या शिफारशींत बाळंतपणानंतर सहा तासांच्या आत लघवी झाल्याची नोंद हवी, असं म्हटलं आहे. त्या नोंदीत खुणेऐवजी आकडा आला की काम पूर्ण होईल.

इथे घड्याळाचा एक व्यावहारिक मुद्दा येतो. नळी संध्याकाळी सहाला काढली तर सहा तासांची मुदत मध्यरात्री संपते. वॉर्डात तेव्हा सगळ्यात कमी माणसं असतात, बाई औषधाने झोपलेली असते आणि तिला उठवायला कुणी धजत नाही. त्या रात्रीत मूत्राशय लिटरभर ताणलं जाऊ शकतं. तीच नळी पहाटे सहाला काढली तर मुदत दुपारी बाराला येते, राउंड होऊन गेलेला असतो आणि डॉक्टर हाताशी असतात. काढण्याचा निर्णय राउंड कधी संपला त्यावर न सोडता, मुदत कधी संपेल ते बघून घ्यावा. केसपेपरच्या पहिल्या पानावर दोन वेळा ठळक लिहाव्यात: नळी काढली ती आणि मुदत संपते ती. पुढच्या पाळीला ओव्हर देताना ‘खाट क्रमांक बारा, बाराला सहा तास होतात, अजून झालेली नाही’ हे तोंडाने सांगितलं गेलं पाहिजे. पाळी बदलताना जे सांगायचं राहतं, ते पुढचे दोन-तीन तास कुणालाच ठाऊक नसतं.

केंद्र सरकारच्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमाने डिसेंबर २०१७ पासून सरकारी प्रसूतिसेवेत नोंदी, चेकलिस्ट आणि छोट्या-छोट्या सुधारणा करून बघण्याची सवय आणली, हे मान्य करायला हवं. पण त्याचं प्रमाणपत्र मिळतं ते लेबर रूमला आणि प्रसूतीच्या ऑपरेशन थिएटरला. लघवी अडते ती त्यानंतरच्या वॉर्डात, जिथे तपासणीचा उजेड तेवढा पडत नाही. एखाद्या वॉर्डाला सुधारणा करून बघायची असेल, तर याहून स्वस्त विषय सापडणार नाही. महिनाभर प्रत्येक सिझरनंतरच्या पहिल्या दोन लघव्या मोजा, किती जणींना सहा तास उलटले ते मोजा, मग नळी काढायची वेळ बदलून पुन्हा महिनाभर मोजा. कॉलेजला जोडलेल्या रुग्णालयात हे करायला इंटर्नही आहेत आणि निवासी डॉक्टरही.

मगात लघवी करायची, तीही कुणाच्या तरी देखत, ही मात्र बाईसाठी साधी गोष्ट नाही. मुंबईत २०११ च्या सुमारास ‘राइट टू पी’ ही मोहीम उभी राहिली, तिचं म्हणणं होतं की बायकांना रस्त्यावर फुकट आणि स्वच्छ मुतारी नाही, म्हणून त्या पाणी कमी पितात आणि दाबून धरतात. विडी वळायला जाणारी, यंत्रमागाच्या कारखान्यात काम करणारी, शेतावर जाणारी बाई हेच आयुष्यभर करत आलेली असते. चरकसंहितेत शरीराचे वेग अडवू नयेत यावर एक अख्खा अध्याय आहे. बायकांपर्यंत तो पोहोचलेला दिसत नाही. अशी बाई वॉर्डात आडवं पडून, पलीकडच्या खाटेवरच्या पुरुष नातेवाइकाच्या चार हातांवर, बेडपॅनमध्ये मोकळी कशी होणार? पडदा ओढा, नातेवाइकांना बाहेर काढा, तिला उठवून बसवा, शक्य असेल तर धरून संडासापर्यंत न्या, आणि त्याआधी दुखण्याचं औषध द्या. कोमट पाणी ओतणं, नळ सोडून पाण्याचा आवाज ऐकवणं हे जुने उपाय सिस्टर करतातच. नळाला दिवसाआडच काय, तीन-चार दिवसांआड पाणी येण्याची सवय झालेल्या सोलापूरकर बाईला वाहत्या नळाचा आवाज ऐकून घागरच आठवण्याची शक्यता जास्त, पण करून बघायला हरकत नाही.

एवढं करूनही झाली नाही तर नळी. त्यात कमीपणा नाही. एकदा घालून मूत्राशय रिकामं करायचं आणि काढायची, किंवा एक-दोन दिवस ठेवायची, हे किती निघाली त्यावर ठरतं. लिटरपेक्षा जास्त निघाली तर ताणलेल्या स्नायूला विसावा म्हणून ती काही दिवस राहू द्यावी लागते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी आणि जमिनीला टेकलेली नको. बाई चालताना ती खांद्याला लटकवलेली दिसली तर ताबडतोब खाली घ्यायला सांगा, कारण लघवी जंतूंसह परत आत जाते. गोळ्या-इंजेक्शनांनी लघवी सुटते या समजुतीला मात्र पुराव्याचा आधार तोकडा आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली, १ जून २०११ पासून, सरकारी रुग्णालयात सिझर झालेल्या बाईला सात दिवसांपर्यंतचा मोफत आहार आणि घरी जायला गाडी मिळते. घरच्यांना मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून घाई असते. अडण्याचा त्रास झालेली बाई निदान दोन लघव्या नीट मोजल्याशिवाय माहेरी जाऊ नये. पुढे आशा ताई सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी येते ती मुख्यतः बाळासाठी, पण तिने आईलाही विचारावं: कळ येते का, धार लागते का, खोकल्यावर किंवा कळ नसताना ओलं होतं का, ओटीपोट दुखतं का? यातल्या कशाचंही उत्तर खटकलं तर परत बोलवायचं. आणि डिस्चार्ज कार्डावर, टाके कधी काढायचे त्याच्या शेजारी, लघवी अडली होती का, किती निघाली आणि नळी किती दिवस होती, एवढं लिहून द्यायचं. दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा सिझरला आली की भूल देणारा डॉक्टर आणि वॉर्डातली सिस्टर तेच कार्ड बघणार आहेत.